सुगंधाचं आसन

घाटकोपरच्या त्या पालिका शाळेतून कार्यानुभवाच्या प्रदर्शनाला जी वस्तू जाई, तिच्यावरून शेवटचा हात जानकी तावडे बाईंचा फिरलेला असे. यात कुणी काही लपवत नव्हतं आणि कुणी त्याबद्दल बोलतही नव्हतं. मुलं वर्गात वस्तू करायची. बाई त्या शनिवारी पिशवीत भरून मुलुंडला घरी न्यायच्या आणि सोमवारी त्या नीटनेटक्या होऊन परत यायच्या. वाकडी कड सरळ झालेली असे, डिंकाचे डाग गेलेले असत, मातीच्या फुलदाणीला धड बूड आलेलं असे. विभागातल्या सगळ्याच शाळांत थोड्याफार फरकाने हेच चाले. जानकीबाईंचा हात इतरांपेक्षा चांगला होता, एवढंच. म्हणून नऊ वर्षांत सात ढाली मुख्याध्यापक भाऊराव राणे यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात जमल्या होत्या.

१९८५ च्या डिसेंबरात परिपत्रक आलं. राणे सरांनी बाईंना वर्गातून बोलावून घेतलं आणि ते उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. यंदा तयार वस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत. प्रत्येक शाळेने तीन विद्यार्थी पाठवावेत. त्यांनी परीक्षकांसमोर बसून दोन तासांत आपल्या हाताने वस्तू करून दाखवावी. गेल्या वर्षी पारितोषिक मिळवलेला विद्यार्थी शाळेत असल्यास त्याला पाठवणं आवश्यक.

सरांनी चष्मा काढला. "वाट लागली, बाई."

"सही कुणाची आहे?"

"नवीन निरीक्षक आल्यात ना, शुभा नाडकर्णी. त्यांची. मुलांच्या हाताला काम हवं म्हणतात. म्हणायला काय जातंय? वर्गात पंचावन्न मुलं बसवा म्हणावं त्यांना, मग काम द्या हाताला."

बाईंनी परिपत्रक हातात घेऊन पुन्हा वाचलं. सरच पुढे म्हणाले, "आपल्याला फार चिंता नाही म्हणा. आपली घाडी आहे. गेल्या वर्षी आसनात सबंध विभागात पहिली आली पोरगी. तिला पुढे बसवा, बाकीचे दोघे कसेही चालतील."

सुगंधा घाडीचं आसन बाईंना चांगलं आठवत होतं. निळ्या लोकरीचं, मधे दोन पांढरे पट्टे. खिळे ठोकलेल्या लाकडी चौकटीवर उभे दोरे ताणायचे आणि त्यांच्यातून दाभणाने आडवी लोकर एकाआड एक ओवत जायची, अशी ती वीण. मुलीने खालचा थोडा भाग केला होता. तो मधे आवळत गेला होता, कमरेत बांधल्यासारखा. बाईंनी एका रविवारी तो शक्य तितका ओढून सरळ केला आणि वरचं सगळं स्वतः विणलं. दुपारी बसल्या होत्या त्या दिवेलागणीला उठल्या. त्यात वाईट काही केलं असं तेव्हा त्यांच्या मनात आलं नव्हतं. वर्षभर आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी वर्गातलं कपाट उघडलं. चौकटी एकावर एक रचलेल्या होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. त्या एकेक बाजूला काढत गेल्या. कुणाचं आसन अर्धं झालं होतं, कुणाचं चतकोर, कुणी चिडून गाठी मारून ठेवल्या होत्या. सुगंधाची चौकट सगळ्यांत खाली होती. जूनमध्ये बाईंनी स्वतः बांधून दिलेले उभे दोरे तिच्यावर तसेच होते. आडवा दोरा एकही नव्हता. धुळीने पांढरं सूत राखाडी झालं होतं.

बाई चौकट हातात धरून उभ्या राहिल्या. सहा महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी हा तास झाला होता, आणि प्रत्येक तासाला सुगंधा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ती चौकटी वाटायची, लोकरीचे गुंडे करून द्यायची, लहान मुलींच्या दाभणात लोकर ओवायची, तास संपल्यावर तुकडे वेचून वर्ग झाडायची. "कामसू पोर," असं बाईंनी तिला दोनदा सर्वांसमोर म्हटलं होतं. ती स्वतः काय करते, हे पाहायचं राहून गेलं होतं.

शुक्रवारच्या तासाला त्यांनी वर्गात तीन नावं सांगितली. पहिलं नाव ऐकताच सुगंधा उभी राहिली आणि म्हणाली, "मला नको, बाई."

मागच्या बाकावरून चंदर ओरडला, "काय गं पहिला नंबर! भाव खातेस होय?"

"गप रे तू," तिची शेजारीण सगुणा म्हणाली. "तुझं दाभण अजून हललं नाही जूनपासून."

वर्ग हसला. सुगंधा हसली नाही. बाईंनी तिला तास संपल्यावर थांबायला सांगितलं.

वर्ग रिकामा झाला तरी ती बाकापाशीच उभी राहिली, दोन्ही हात मागे बांधून. बाईंनी तिची चौकट टेबलावर ठेवली.

"का गं विणलं नाहीस?"

"मला येत नाही."

"अगं, गेल्या वर्षी..."

"ते तुमचं होतं, बाई."

मुलगी उद्धटपणे बोलली नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं तिने ते सांगितलं. बाईंना मात्र कान तापल्यासारखं झालं. "मी फक्त थोडं सारखं केलं," त्या म्हणाल्या. "तुझंच होतं ते. सगळ्यांचंच तसं करावं लागतं."

"मी चार बोटं विणलं होतं. तेवढंच." सुगंधा म्हणाली. "आणि ते पण तुम्हाला चांगलं दिसलं नव्हतं. तुम्ही ओढलं होतं ते."

बाईंनी चौकटीवरची धूळ पुसली. मग मुलगीच म्हणाली, "बाबांना सांगू नका मात्र. त्यांना वाटतं मी केलंय. आमच्याकडे जो येईल त्याला ते प्रमाणपत्र दाखवतात. पाहुणा आला की आधी ते, मग चहा."

"आणि तिथे जाऊन तुला जमलं नाही तर?"

"म्हणून तर नको म्हणतेय ना."

राणे सरांना बाईंनी एवढंच सांगितलं, की मुलीचा हात बसलेला नाही. सरांनी तोड लगेच काढली. "आजारी आहे असं कळवू. किंवा असं करा, घरून पाऊण आसन करून न्यायचं, चौकटीसकट. तिथे वरच्या चार ओळी घातल्या की झालं. सगळ्या शाळा हेच करणार बघा तुम्ही. मुलीचा मुलीला मान, शाळेचा शाळेला."

ती तोड वाईट नव्हती. रविवारी बाई घाटकोपरला निघाल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत सुगंधाची चौकट होती आणि मनात हेच होतं, की बापाच्या कानावर काहीतरी सौम्य घालावं, मुलीला ताप येणार आहे असं आडून सुचवावं आणि परत यावं. बाईंचे स्वतःचे वडील गिरणीत होते. गिरणी संपात काम गेलेल्या, घाडींसारख्या घरांत बाहेरून आलेला एखादा कागद काय असतो, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

घाडींची खोली टेकडीच्या उतारावर होती, नळाच्या रांगेवरून पुढे चौदा-पंधरा पायऱ्या चढून. दत्ताराम घाडी नुकतीच रात्रपाळी करून आला होता. अंधेरीला औद्योगिक वसाहतीत तो वॉचमन होता, आणि खाकी शर्ट अजून अंगातच होता. बाईंना दारात पाहून तो धडपडून उठला.

"अगो, बाई इले! चाय टाक!" त्याने आतल्या बाजूला हाक दिली, आणि वनमाला, त्याची बायको, पदराला हात पुसत पडद्याआडून डोकावली. "बसा बाई. सुगंधा पाण्याला गेलीय, येईलच. काही चुकलंमाकलं का तिचं?"

"नाही, नाही. तिचं काही नाही."

बाई बसल्या आणि समोर पाहिलं. प्रमाणपत्र देवांच्या तसबिरीशेजारी होतं, काचेत. आणि देवांपुढे जमिनीवर निळं आसन अंथरलेलं होतं, दोन पांढऱ्या पट्ट्यांचं. त्यावर कुणी बसत नसावं. लोकर नवी होती तशीच होती.

आडून सुचवायचं वाक्य बाई घरून ठरवून आल्या होत्या. ते तोंडातून निघेना. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दत्ताराम, हे आसन सुगंधाने केलेलं नाही. बरंचसं मी केलंय."

दत्ताराम हसला. त्यात कडवटपणा नव्हता, म्हणून बाई अधिकच गोंधळल्या.

"ठावक होतां माका," तो म्हणाला, आणि मग बाईंसाठी सावरून बोलू लागला. "घरी आणलं त्याच दिवशी कळलं, बाई. चोवीस वर्षं मिलच्या साचेखात्यात काढली मी, मागावर." त्याने आसन उचललं, उलटं केलं आणि नखाने एक जागा दाखवली. "हे इथपर्यंत पोरीचं. ओळ दाबल्याचा ठोक बघा कसा आहे, कुठे हलका, कुठे जोरात. दमल्यावर हलका पडतो. आणि इथून मोठं माणूस बसलंय. एकसारखं. कापडात दोन हात लपत नाहीत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मिलमध्ये पण तसंच होतं. बाहेरचा व्यापारी यायचा ना, त्याच्यापुढे जो ताका उलगडायचा तो आमच्या दशरथ मिस्त्रीच्या साच्यावरचा. आख्ख्या खात्याला माहीत. नाव मिलचं. मला वाटलं, शाळेत पण हीच रीत असेल. पोरीचं नाव लागलं, बरं झालं."

दारात भांड्याचा आवाज झाला. सुगंधा हंडा कमरेवर घेऊन उभी होती. ती केव्हा आली ते कुणाला कळलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

दत्तारामने आसन खाली ठेवलं. "होय."

"मग सगळ्यांना दाखवत का होतात?"

"तुला बरं वाटायचं म्हणून."

"मला नाही बरं वाटायचं," सुगंधा म्हणाली. हंडा तिने मोरीत नेऊन ठेवला आणि ती तिथेच, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. वनमालाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने काढला. खालून नळावरची भांडणं ऐकू येत होती.

बराच वेळ गेल्यावर दत्तारामने बाईंच्या पिशवीतून डोकावणारी चौकट पाहिली. "ती बघू जरा," तो म्हणाला.

चौकट मांडीवर घेऊन त्याने उभ्या दोऱ्यांवरून तळवा फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, डोळे मिटून. मग पुन्हा एकदा. "हा ताणा कुणी बांधला?"

"मी. सगळ्यांचा मीच बांधते. जूनमध्ये."

"रागावू नका बाई. कडेला घट्ट आहे, मधे ढिला आहे. तुम्ही शेवटाला दमत असाल. पंचावन्न चौकटी म्हणजे काय कमी झालं? पण असा ताणा असला की पोरगं कितीही जपून विणू दे, कापड मधे फुगणार आणि कडा आत येणार. मग तुम्ही म्हणणार, ह्याला येत नाही."

बाईंनी हात पुढे करून दोऱ्यांना लावला. मधले दोरे बोटाखाली दबले. कडेचे दबले नाहीत. त्यांनी पुन्हा पाहिलं. नऊ वर्षांतली आवळलेली आसनं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. ती सगळी त्यांनी उसवून सरळ केली होती आणि दरवेळी मनात म्हटलं होतं, या मुलांच्या हातालाच वळण नाही. आपण स्वतः विणताना तो ढिलेपणा नकळत सांभाळून घेत होतो, हेही त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"मुलांना बांधायला दिला तर तास त्यातच जातो," त्या म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच ते तोकडं वाटलं.

"जाणारच," दत्ताराम म्हणाला. "पण बाई, तुटलेला तार ज्याला जोडता येतो आणि ताणा ज्याला कळतो, त्याला आम्ही विणकर म्हणायचो. बाकीचं साचा पण करतो." मग मोरीकडे वळून त्याने हाक मारली, "सुगंधा, गो. हकडे ये. हात लाव आणि सांग, खयचो ढिलो तो."

सुगंधा लगेच आली नाही. आली तेव्हा रडलेल्या डोळ्यांनी आली आणि बापाकडे न पाहता तिने दोऱ्यांवर बोट टेकलं. एक, दोन, तीन. "हा," ती म्हणाली. "हा पण. हा नाही."

"बरोबर," दत्ताराम म्हणाला.

मंगळवारी बाईंनी वर्गातल्या सगळ्या चौकटींवरचे दोरे कापून काढले आणि रिकाम्या चौकटी मुलांना वाटल्या. जे झालं ते शिस्तीच्या कोणत्याही व्याख्येत बसणारं नव्हतं. सूत बाकांच्या पायांत अडकलं, दोघांनी एकमेकांचे गुंडे ओढले, चंदरने आपले दोरे इतके ताणले की चौकटीचा सांधाच निघाला आणि तो विजयी मुद्रेने म्हणाला, "झकास! बघ गं सगुणा, किती घट्ट!" आवाज ऐकून राणे सर दारात आले.

"हे काय, बाई? तयार झालेलं पण उसवलंत?"

"नीट नव्हतं, सर."

"मुलांचं?"

"माझं."

सर काही क्षण पाहत राहिले आणि निघून गेले. बाईंनी त्या दिवशी, शुक्रवारी आणि पुढचे दोन तास कुणाच्याही चौकटीला हात लावला नाही. हे बोलायला सोपं होतं. प्रत्यक्षात त्यांना टेबलाची कड धरून बसावं लागे. मुलगा समोर उभा राहून "बाई, हे असंच का?" असं विचारी, त्यांना चूक दिसत असे, आणि बोट पुढे गेलेलं असे. मग त्या ते मागे घेत आणि म्हणत, "हात फिरवून बघ. तुलाच कळेल." काहींना कळलं. बऱ्याच जणांना कळलं नाही, आणि त्यांच्या चौकटी तशाच वाकड्या राहिल्या.

सुगंधाने तीनदा ताणा बांधला आणि तीनदा सोडला. चौथ्यांदा बांधला तेव्हा बाईंकडे न येता ती खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ तळवा फिरवत राहिली. तास संपताना ती म्हणाली, "बाई, मी येते प्रदर्शनाला. पण चौकट रिकामी घेऊन येईन. पाऊण करून नाही."

"दोन तासांत तुझं आसन पुरं होणार नाही."

"माहितेय."

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी मुलुंडच्या एका शाळेच्या सभागृहात चोवीस शाळांची बहात्तर मुलं सतरंज्यांवर बसली. राणे सरांचा अंदाज बरोबर निघाला. बहुतेकांच्या पिशव्यांतून जे बाहेर निघालं त्याला शेवटचा टाका तेवढा घालायचा होता. एका मुलाने अर्ध्या तासात कागदाचा मोर उभा केला आणि नंतर दीड तास तो मान खाली घालून बसून राहिला.

सुगंधाचा पहिला तास ताणा बांधण्यातच गेला. शिक्षकांच्या खुर्च्या भिंतीला लागून होत्या आणि जानकीबाईंना तिची पाठ आणि हात दिसत होते. दारापाशी पालकांत दत्ताराम उभा होता, खाकी शर्टावर स्वेटर घातलेला. दोरे बांधून झाले, तिने तळवा फिरवला, एक खिळा सोडून पुन्हा बांधला आणि लोकर ओवायला सुरुवात केली. आठवी-नववी ओळ चालू असताना मधला एक उभा दोरा तुटला.

बाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. मग त्यांनी स्वतःला खाली बसवलं. सुगंधा तुटलेल्या टोकांकडे नुसती पाहत राहिली. एक मिनिट गेलं असेल. मग तिने नव्या सुताचा तुकडा घेतला, दोन्ही टोकांना जोडला, गाठ ओढून पाहिली आणि तिच्यावरून नख फिरवलं. दारातल्या दत्तारामने मोठ्याने श्वास सोडला. तो जवळच्या दोघांनी वळून पाहावं इतका मोठा होता.

घंटा झाली तेव्हा चौकटीवर वीतभरसुद्धा वीण झाली नव्हती. कड सरळ होती, पण ओळी उजवीकडे उतरत गेल्या होत्या.

निरीक्षक शुभा नाडकर्णी सावकाश फिरत होत्या आणि प्रत्येक मुलाशी बोलत होत्या. बरोबर एक परीक्षक नोंदवही घेऊन होते. सुगंधापाशी त्या वाकल्या. "ताणा तू इथे बांधलास? मी पाहिलं. छान." मग परीक्षकांनी वहीतली ओळ दाखवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "गेल्या वर्षीची पहिली तूच ना? इथे लिहिलंय, 'संपूर्ण आसन, सफाई उत्कृष्ट'. मग यंदा एवढंच? आणि तिरकं कसं?"

सुगंधाने मान वर केली नाही. "ते..." तिने सुरुवात केली.

ती काय सांगणार हे जानकीबाईंना कळलं, आणि ते तिने सांगितलं तर वहीत काय लिहिलं जाईल तेही कळलं. लबाडी मुलीच्या नावावर लागली असती. त्या उठून सतरंजीपर्यंत गेल्या.

"गेल्या वर्षीचं आसन मी विणलं होतं," त्या म्हणाल्या. "मी हिची वर्गशिक्षिका. हिने तेव्हा चार बोटं विणलं होतं आणि उरलेलं मी हिला न विचारता केलं. आज जे आहे ते हिचं आहे."

भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसलेल्या शिक्षकांपैकी कुणी बाईंकडे पाहिलं नाही. नाडकर्णी बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "हे लेखी द्याल?"

"देते."

खुर्च्यांकडून एक दबका आवाज आला, "एवढं बोलायची काय गरज होती हिला?" परीक्षकांनी सुगंधाच्या नावापुढे 'अपूर्ण' असं लिहिलं आणि ते पुढच्या मुलाकडे गेले.

मुलांना घाटकोपरला पोचवायला बाईही परतीच्या बसमध्ये चढल्या; राणे सर बाईंच्या शेजारी बसले होते. विक्रोळी गेल्यावर ते एकदाच म्हणाले, "नऊ वर्षं, बाई." पुढे घाटकोपरपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

निकाल फेब्रुवारीत कळला. शाळेचा नंबर कशातच नव्हता. त्याच पाकिटात आणखी दोन कागद होते. एकात जानकी तावडे यांना ठपका होता आणि पुढच्या जूनपासून त्यांच्याकडे कार्यानुभवाचा विषय देऊ नये अशी सूचना होती. दुसऱ्यात गेल्या वर्षीचं पारितोषिक रद्द केल्याचं कळवून ढाल आणि प्रमाणपत्र परत मागितलं होतं. ढाल सरांनी स्वतः कपाटातून काढली. प्रमाणपत्राबद्दल मुलीला बाईंनी सांगायचं होतं. आपण केलेल्याची किंमत त्या घराला पडणार, हे बाईंना सभागृहात उभं राहतानाच ठाऊक असायला हवं होतं. ते तेव्हा सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी दुसरं काय करता आलं असतं, हे त्यांना अजूनही कळत नव्हतं.

सुगंधाने ते शुक्रवारी आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. काचेसकट.

"काच ठेवायची होतीस की," बाई म्हणाल्या.

"बाबा म्हणाले, जसं आहे तसं दे."

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, भिंतीवर चौकोन राहिलाय, चुना मारायला हवा." तिने वर्तमानपत्राचा सुटलेला कोपरा दुमडला. "आणि खालचं आसन आईने घेतलंय बसायला. तांदूळ निवडताना."

बाईंनी पुडकं टेबलाच्या खणात ठेवलं. तास सुरू झाला होता. मागे चंदर आणि सगुणा यांचं काहीतरी जुंपलं होतं. सुगंधा कपाटाकडे गेली, चौकटी वाटायला थांबली नाही, आपली तेवढी काढली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. प्रदर्शनाच्या दिवशी होती तितकीच वीण तिच्यावर होती. तिने ती उजेडाकडे धरली, ओळी मोजल्या आणि वरून एकेक ओळ उसवायला लागली.

बाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. वीण कुठे तिरकी झाली ते त्यांना पहिल्या नजरेतच दिसलं होतं, खालून सहाव्या ओळीत. आडवी लोकर तिथे एका उभ्या दोऱ्याला चुकवून गेली होती. मुलगी तिथवर जाते की आधीच थांबते, एवढंच त्या पाहत होत्या. हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

सुगंधा सहाव्या ओळीपाशी आली आणि थांबली नाही. ती ओळ उसवली, तिच्याखालची उसवली आणि मग थांबली. चौथ्या ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ पाहत राहिली.

बाईंनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. चौथ्या ओळीत दोन उभे दोरे एकत्र उचलले गेले होते. सहावीतली चूक त्याच्यामुळे झाली होती. ते बाईंना दिसलं नव्हतं.

"बाई, उजेड अडतोय," सुगंधा म्हणाली.

बाई बाजूला सरकल्या.